भरलेले कोठार आणि बारा व्होल्टची किल्ली

भुसावळच्या यार्डात विजेचे एखादे इंजिन बराच काळ बंद उभे असते. त्याच्या माथ्यावरून पंचवीस हजार व्होल्टची तार गेलेली असते. परंतु ती वीज आपण होऊन घेण्याचे सामर्थ्य त्या थंडावलेल्या इंजिनाच्या अंगी नसते. छतावरचा पँटोग्राफ उचलून तारेला टेकवावयाचा, तर दाबाखालची हवा हवी. टाकीतली हवा तर उभ्या उभ्या गळून गेलेली असते. ती पुन्हा भरणारा छोटा काँप्रेसर चालवावयाचा, तर वीज हवी. आणि तारेतली वीज पँटोग्राफ टेकल्यावाचून मिळावयाची नाही. या पेचातून इंजिनाला सोडवते ती त्याच्या पोटातली ११० व्होल्टची बॅटरी. ती उतरलेली असेल, तर हजारो अश्वशक्तीचे ते धूड तारेखाली असूनही जागचे हलत नाही. भुसावळच्या रेल्वे कामगारांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

नेमका हाच पेच आता जळगाव आणि धुळे येथील घरांच्या अंगणात येऊन उभा राहिला आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या खानदेशात दिसू लागल्या आहेत आणि त्या केवळ बागायतदार व व्यापारी यांच्याच दारात आहेत असे नाही. डॉक्टर, प्राध्यापक, बँकांतील नोकरदार हेही त्या घेऊ लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली विद्युत वाहनांविषयीचे धोरण जाहीर करून या खरेदीला उत्तेजन दिले. या गाड्यांविषयीची चर्चा मात्र जवळजवळ नेहमीच मोठ्या बॅटरीभोवती फिरत राहते. ती एका भरणात किती किलोमीटर नेते, किती वर्षे टिकते, बदलावी लागलीच तर किती लाखांचा खड्डा पडतो, हेच प्रश्न विचारले जातात. प्रत्यक्षात गाडी ऐन वेळी दारातच अडून बसते, तेव्हा दोष पुष्कळदा त्या लाखमोलाच्या बॅटरीचा नसतो. तो काही हजार रुपयांत मिळणाऱ्या, स्कूटरवाल्यालाही परिचित असणाऱ्या बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीचा असतो. जर्मनीतील एडीएसी ही मोटारमालकांची मोठी संघटना रस्त्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांची मोजदाद दरवर्षी प्रसिद्ध करते. विजेच्या गाड्यांच्या बाबतीतही या धाकट्या बॅटरीचा क्रमांक त्या यादीत पहिला लागत आला आहे. जे जर्मनीच्या थंड हवेत घडते, ते जळगावच्या उन्हात घडणार नाही असे मानण्यास काहीच आधार नाही.

दोन बॅटऱ्यांचा संसार

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, ही गोष्टच अनेक मालकांना गाडी बंद पडेपर्यंत ठाऊक नसते. पहिली बॅटरी गाडीच्या तळाशी बसवलेली, साधारणतः तीनशे ते चारशे व्होल्टची. चाके फिरवण्याचे काम तिचे. दुसरी पुढच्या झाकणाखाली किंवा मागच्या डिकीत ठेवलेली, बारा व्होल्टची. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलुपे, समोरचा पडदा आणि गाडीचे सारे संगणक हिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीतली वीज बारा व्होल्टपर्यंत उतरवून धाकटीला भरत राहणारे एक यंत्र मध्ये बसवलेले असते. त्याला डीसी-डीसी कन्व्हर्टर म्हणतात. पेट्रोलच्या गाडीत जे काम इंजिनावर फिरणारा आल्टरनेटर करतो, तेच येथे हा कन्व्हर्टर करतो.

मोठी बॅटरी असताना धाकटीचे लोढणे कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर सुरक्षिततेत आहे. तीनशे-चारशे व्होल्टचा दाब माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून गाडी बंद केली, की मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्णपणे तोडली जाते. हे तोडण्या-जोडण्याचे काम काँटॅक्टर नावाचे मोठे विद्युत-खटके करतात. अपघात झाला, तरी हेच खटके उघडून उच्च दाबाचा प्रवाह थांबवतात आणि तेव्हाही दिवे व कुलुपे चालू राहावीत म्हणून वेगळी बॅटरी लागते. हे खटके जोडले जाण्यासाठी जी वीज लागते ती बारा व्होल्टची आणि ती धाकटी बॅटरी पुरवते. तात्पर्य, कोठार धान्याने तुडुंब भरलेले असावे आणि त्याची किल्ली हरवावी, तशी अवस्था धाकटी उतरल्यावर होते. मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. याहून चमत्कारिक भाग असा, की अशा वेळी घरच्या चार्जरची नळी जोडूनही बहुधा उपयोग होत नाही. चार्जरशी बोलणी करावयाची तर गाडीचा संगणक जागा हवा, आणि त्या संगणकाला जागे ठेवणारी बॅटरीच तर झोपलेली असते.

न खोकता येणारा आजार

पेट्रोलच्या गाडीतही हीच बारा व्होल्टची बॅटरी आहे. १८५९ साली फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याने शिसे आणि आम्ल यांचा हा घट प्रथम बनवला. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याच्या कष्टांतून चालकांची सुटका होऊ लागली. तेव्हापासून प्रत्येक सकाळी गाडीच्या बॅटरीची एक कठोर परीक्षा आपोआपच होत आली आहे. इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर इतका प्रचंड प्रवाह ओढतो. बॅटरी म्हातारी झाली, की इंजिन कण्हत कण्हत फिरू लागते. मालकाला तो आवाज ऐकू येतो आणि तो आठवड्याभरात बॅटरीच्या दुकानाची पायरी चढतो.

विजेच्या गाडीत ही रोजची परीक्षाच उरली नाही. खटके जोडण्यास आणि संगणक जागे करण्यास फार थोडा प्रवाह पुरतो. परिणामी, बॅटरी निम्म्याहून अधिक निकामी झाली तरी गाडी रोज निमूटपणे चालू होत राहते. एक दिवस मात्र शेवटची मर्यादा ओलांडली जाते आणि आदल्या संध्याकाळी सुरळीत चाललेली गाडी सकाळी दारही उघडीनाशी होते. हा आजार खोकल्याने सूचना देणारा नव्हे, हे ओळखणे महत्त्वाचे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. शिसे-आम्ल बॅटरीचे नेहमीचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे धरले, तर त्या पहिल्या पिढीतील ज्या गाड्यांची मूळची धाकटी बॅटरी अजून बदललेली नाही, त्यांचे मालक उसन्या दिवसांवर गाडी चालवीत आहेत असे म्हणण्यास हरकत नाही.

बॅटरी रिकामी होते कशी

बॅटरी उतरण्याची कारणे मोजकी आहेत. पहिले कारण झोपेतल्या खर्चाचे. बंद गाडीचेही काही संगणक अर्धवट जागे असतात; चावीची हाक ऐकावयाची असते, चोराची चाहूल घ्यावयाची असते. हा खर्च पन्नास मिलीअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ आणि तीस दिवसांत ३६ अँपिअर-तास होतो. गाडीतील बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची असेल, तर महिनाभर उभी राहिलेली गाडी तिला जवळजवळ कोरडी करते. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांच्या बाबतीत हे गणित विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मे महिन्याच्या सुटीत कुटुंब गावी जाते, गाडी पाच-सहा आठवडे उन्हात उभी राहते, आणि जूनमध्ये शाळा उघडते त्याच दिवशी ती रुसून बसते. त्यात काचेवर बाहेरून बसवलेला कॅमेरा असेल आणि तो रात्रंदिवस तीनशे मिलीअँपिअर खात असेल, तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात आणि महिन्याचे काम चार-पाच दिवसांतच उरकते. मोबाइलवरून गाडीची वारंवार विचारपूस करणेही निरुपद्रवी नाही. दर विचारपुशीला झोपलेली गाडी जागी होते आणि जागेपणाचा खर्च धाकटीच्या माथी पडतो.

दुसरे कारण सवयीचे. गाडी पूर्णपणे चालू न करता नुसता पडदा आणि गाणी लावून कोणाची वाट पाहत बसणे, हा प्रकार सर्रास दिसतो. समोर ‘रेडी’ ही खूण उमटलेली नसेल, तर खटके जोडलेले नसतात आणि कन्व्हर्टरही बंद असतो. गाणी वाजतात ती धाकटीच्या जिवावर. ‘रेडी’ची खूण असेल तेव्हा, आणि बहुतेक गाड्यांत मोठी बॅटरी चार्ज होत असताना, धाकटी भरली जाते. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होऊन धाकटीला पाजतात. परंतु सगळ्याच गाड्यांत ही सोय नाही.

तिसरे कारण खानदेशच्या हवेचे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत असा ढोबळ नियम सांगितला जातो, की सततचे तापमान दहा अंशांनी वाढले तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते. उष्णतेने आतील पाणी उडते, पट्ट्या झिजतात आणि बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. उतरलेल्या स्थितीत ती पडून राहिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग कितीही वेळ भरली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. २००० नंतरच्या दशकातील भारनियमनाने खानदेशातील घरोघरी इन्व्हर्टर आणले. त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालताना हे सारे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ते नव्याने सांगावयास नको. रसायनशास्त्र तेच आहे. फक्त जागा बदलली आहे.

चौथे कारण जोडण्यांचे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, पट्टा सैल होतो, एखादा फ्यूज उडतो. आणि पाचवे, सर्वांत खर्चिक कारण म्हणजे कन्व्हर्टरचाच बिघाड. हे कारण कल्पनेतले नाही. २०२४ साली भारतात ह्युंदाईने आयोनिक ५ या मोटारीचे १,७४४ आणि कियाने ईव्ही ६ या मोटारीचे १,१३८ नग तपासणीसाठी परत बोलावले. चार्जिंगचे नियंत्रण करणाऱ्या एकत्रित यंत्रणेतील दोषामुळे बारा व्होल्टची बॅटरी उतरण्याचा संभव होता, हेच त्याचे कारण होते.

तपासाचा क्रम

कारणे पाच असली, तरी त्यांचा शोध कोठून सुरू करावा याला एक ठरावीक क्रम आहे. तो पाळला नाही, तर वेळ आणि पैसा दोन्ही व्यर्थ जातात. बारा व्होल्टचा पुरवठा डगमगला, की निरनिराळे संगणक एकाच वेळी तक्रारी करू लागतात. ब्रेकचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, मोठ्या बॅटरीचा इशारा असे सारे दिवे पडद्यावर एकदम उजळतात. मालकाला वाटते की गाडीचे सर्वस्व गेले. अननुभवी कारागीर एकेक सुटा भाग बदलू लागतो. वस्तुतः परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक तक्रारी एकदम आल्या, तर रोगी एकच असण्याचा संभव अधिक. अशा वेळी पहिला हात धाकट्या बॅटरीकडेच गेला पाहिजे.

त्यासाठी लागणारे हत्यार म्हणजे काही शे रुपयांचा मल्टिमीटर. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हाताळावयास मिळालेला असतो. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावावा. शिसे-आम्ल बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवीत असेल, तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. अलीकडे काही गाड्यांत धाकटी बॅटरीही लिथियमची येते. तिचे आकडे वेगळे असल्याने बॅटरीवरील चिठ्ठी आणि गाडीची पुस्तिका आधी वाचावी.

दुसरी पायरी कन्व्हर्टरच्या परीक्षेची. गाडी ‘रेडी’ स्थितीत आणून त्याच दोन टोकांवर पुन्हा मोजावे. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढला, तर कन्व्हर्टर आपले काम चोख करीत आहे आणि दोष बॅटरीत किंवा झोपेतल्या खर्चात शोधावयास हवा. आकडा बारा-साडेबारावरच घोटाळत राहिला आणि हळूहळू घसरू लागला, तर भरणारा हातच आखडला आहे. तेव्हा प्रथम फ्यूज आणि जोडण्या पाहाव्यात आणि त्या ठीक असतील तर गाडी कंपनीच्या केंद्राकडे न्यावी. या एका मोजणीने अर्धे अंधारातले चाचपडणे संपते. येथे नवी बॅटरी बसवून भागत नाही. ती चार दिवसांत पुन्हा उतरते आणि मालक दुकानदाराला दोष देत बसतो.

तिसरी पायरी बॅटरीच्या दमाची. नुसत्या व्होल्टेजवर विसंबणे पुरेसे नाही. म्हातारी बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ दाखवते आणि भार येताच कोसळते. बॅटरीच्या जुन्या दुकानांत भार देऊन तपासण्याचे उपकरण असते. त्यावर ती क्षणभर लावली, की तिचे वय आणि खोटेपणा दोन्ही उघडे पडतात. चौथी पायरी झोपेतल्या खर्चाची. गाडी कुलूपबंद करून तासभर तिला खरोखर झोपू द्यावे, कारण दार किंवा झाकण उघडले की ती जागी होते. त्यानंतर ऋण तारेभोवती बारीक प्रवाह मोजू शकणारा क्लॅम्प मीटर धरावा. काही दशक मिलीअँपिअर दिसले तर ठीक. शेकड्यांत आकडा आला, तर बाहेरून बसवलेली उपकरणे एकेक करून काढीत जावे. ज्या उपकरणासरशी आकडा पडतो, तोच चोर.

धक्का मारण्याचे दिवस गेले

रस्त्यात अडकलेली गाडी चार माणसांनी ढकलून चालू करण्याची विद्या खानदेशात सर्वांना अवगत आहे. जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जाणाऱ्या सुमारे नव्वद किलोमीटरच्या रस्त्यावर तिचा प्रयोग कितीदा झाला असेल याची गणती नाही. ही विद्या आता निरुपयोगी झाली आहे. विजेची गाडी ढकलून चालू होत नाही. दोर बांधून लांबवर ओढणे तर घातक, कारण फिरणाऱ्या चाकांबरोबर मोटरही फिरते आणि नको तेथे वीज निर्माण करते. ती सपाट पाठीच्या ट्रकवरूनच न्यावी लागते.

त्यापेक्षा सोपा उपाय हाताशी असतो. दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा तात्पुरता आधार बहुतेक गाड्यांना चालतो. मात्र आपल्या गाडीला तो कोठे आणि कसा द्यावयाचा, हे पुस्तिकेत पाहूनच तो द्यावा. चावीच्या दांड्यात लपवलेल्या साध्या किल्लीने दार उघडावे. लाल तार धनाला, काळी तार बंद गाडीच्या ऋणाला किंवा त्यासाठी दाखवलेल्या धातूच्या जागेला जोडावी. काही मिनिटे थांबून गाडी चालू करावी आणि ‘रेडी’ची खूण दिसताच तारा काढाव्यात. पेट्रोलच्या गाडीप्रमाणे येथे प्रचंड प्रवाहाची गरज नसल्याने स्कूटरच्या आकाराची बॅटरीही पुष्कळदा पुरते. त्यानंतर गाडी तासभर ‘रेडी’ ठेवावी अथवा चालवावी. याच्या उलट, विजेच्या गाडीच्या धाकट्या बॅटरीवरून शेजाऱ्याची डिझेलची जीप चालू करून देण्याचा परोपकार मात्र टाळावा. तो प्रवाह पुरवण्यासाठी ती बनवलेली नसते आणि बहुतेक पुस्तिकांत तशी मनाई केलेली असते.

काही गोष्टींना हात लावावयाचा नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगावयास हवे. नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे उच्च दाबाचा प्रदेश. तेथे प्रशिक्षित माणसाखेरीज कोणाचे काम नाही. बारा व्होल्टचा झटका जाणवत नसला, तरी दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर तो लालबुंद होतो आणि बोटातील अंगठी हाड भाजून काढते. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी सोडावे आणि बसवताना शेवटी जोडावे. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि ती विक्रेत्यामार्फत परत घेतली जाण्याची व्यवस्था २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घालून दिलेली आहे.

दुरुस्तीची विद्या जवळ हवी

येथवर जे सांगितले, त्यात दुर्बोध असे काही नाही. बॅटरीचे दुकान चालवणारा कोणताही जाणता कारागीर यातील तीन-चतुर्थांश भाग आजच जाणतो. तरीही घडते ते असे, की गाडीवर ‘विजेची’ हा शिक्का दिसताच तो हात मागे घेतो. त्याची भीती अनाठायी म्हणता येणार नाही, कारण नारिंगी तारांचा धोका खरा आहे आणि तो कोठे संपतो हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मालकही घाबरतो आणि जी गोष्ट अर्ध्या तासात गल्लीत सुटली असती, ती ट्रकवर चढून मोठ्या शहराची वाट धरते. मुंबई-पुण्यात केंद्रे जवळ असतात, पर्यायी वाहने मिळतात. पारोळ्याहून धुळ्याला रोज जाणारा शिक्षक किंवा चाळीसगावहून रात्री रुग्णाला जळगावला नेऊ पाहणारे कुटुंब यांची गोष्ट तशी नाही. त्यांच्या दृष्टीने गाडी न जागी होणे ही केवळ गैरसोय नसते. आणि असे एक-दोन प्रसंग गावात घडले, की ‘विजेची गाडी आपल्याकडे चालावयाची नाही’ हा निकाल पारावर कायमचा लागतो. दोष बारा व्होल्टचा आणि शिक्षा मात्र चारशे व्होल्टला, असा हा न्याय होतो.

यावर करावयाचे उपाय महाग नाहीत. विजेच्या इंजिनात चालकासमोर बॅटरीचे व्होल्टेज दाखवणारा मीटर असतो. इंजिन जागे करण्यापूर्वी तो पाहण्याचा रेल्वेचा शिरस्ता आहे. मोटारगाडीच्या भल्यामोठ्या पडद्यावर गाण्यांची यादी दिसते, हवामान दिसते. धाकट्या बॅटरीचा आकडा मात्र अनेक गाड्यांत मालकाला सहजी दिसत नाही. तो दाखवण्यास नवा सुटा भाग लागत नाही, कारण गाडीचा संगणक तो आकडा मोजतच असतो. उत्पादकांनी तो उघड करावा आणि बॅटरी कमजोर झाल्याचा इशारा ती मरण्यापूर्वी द्यावा. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत या बॅटरीची जागा, तिचा प्रकार, बाहेरून आधार देण्याची रीत आणि दीर्घ काळ गाडी उभी ठेवताना घ्यावयाची काळजी ही चार पाने सोप्या मराठीत असावीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे जे दालन उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. त्या हक्काचा अर्थ एवढाच, की विकत घेतलेल्या वस्तूची निगा कशी राखावी हे मालकाला आणि त्याच्या कारागिराला कळावे.

दुसरी जबाबदारी शिक्षणसंस्थांची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत आता विद्युत वाहन दुरुस्तीचा स्वतंत्र व्यवसाय मान्य झालेला आहे. तो शिकून तरुण बाहेर पडतील तेव्हा पडतील. आज जे कारागीर हातात पाना घेऊन उभे आहेत, त्यांच्यासाठी चार-आठ दिवसांचे वर्ग जळगाव आणि धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने सहज घेऊ शकतात. बारा व्होल्टची हद्द कोठे संपते आणि नारिंगी तारांची कोठे सुरू होते, एवढे जरी त्यांना निःसंदिग्ध समजले, तरी निम्मी भीती ओसरेल आणि उरलेली निम्मी, जी आवश्यक आहे, ती योग्य जागी राहील.

तिसरी जबाबदारी मालकाची आणि ती सर्वांत स्वस्त. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडी आणि पावसाळा सरल्यावर, बॅटरी तपासून घ्यावी. चार वर्षे झाली की ती मरण्याची वाट न पाहता बदलावी. शक्यतो गाडी सावलीत उभी करावी. सुटीत गावी जाताना शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा गाडी तासभर ‘रेडी’ ठेवण्यास सांगून जावे. नुसते दार उघडून पाहणे म्हणजे बॅटरीचा आणखी एक घोट घेणे होय.

खानदेश विजेला परका नाही. दीपनगरला कोळशापासून, ब्राह्मणवेलच्या पठारावर वाऱ्यापासून आणि साक्री तालुक्यात सूर्यापासून येथे वीज निर्माण होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांस छेदतात, तेव्हा विजेच्या गाड्यांची वर्दळही येथे वाढत जाणार हे उघड आहे. चार्जिंगची केंद्रे उभारण्यास भांडवल लागेल, जागा लागतील, काळ लागेल. बारा व्होल्टची बॅटरी तपासण्यास एक मल्टिमीटर आणि ते आकडे वाचता येणारा एक माणूस पुरतो. तो माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी तयार करणे हे काम तुलनेने फारच सोपे आहे, आणि म्हणूनच ते मागे पडू देण्यास कोणतीही सबब चालणार नाही.